कलम १२३ चा पाठपुरावा

बाबा तारापूरच्या अणुवीज केंद्रात स्टोअर्सला होते आणि आम्ही राहायचो बोईसरला, केंद्राच्या टॅप्स कॉलनीत. त्यामुळे 'अमेरिका' हा शब्द लहानपणी मी ऐकला तो बाबांच्या रजिस्टरच्या संदर्भात. तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारून दिलेले, १९६९ पासून वीज देणारे. १९६३ च्या करारानुसार इंधन तिकडून यायचं आणि सुट्या भागांसाठीही तिकडेच तोंड करून बसायचं. १९७४ साली पोखरण झालं. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा केला, की ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं तपासणीला खुली नाहीत त्याला इंधन द्यायचं नाही. त्यानंतर बाबांच्या रजिस्टरमधल्या एका रकान्यात खालपर्यंत एकच शेरा असायचा: येणे बाकी.

१९८० चा सप्टेंबर मला पक्का आठवतो, मी बारा वर्षांची होते. कॉलनीत क्रिकेटच्या स्कोअरसारखा एक आकडा फिरत होता, ४८ विरुद्ध ४६. झालं असं होतं, की तारापूरच्या इंधनाचा परवाना अमेरिकेच्या अणुनियमन आयोगाने नाकारला. अध्यक्ष कार्टर यांनी आयोगाला बाजूला सारून इंधन पाठवा म्हणून आदेश काढला. तो प्रतिनिधीगृहाने २९८ विरुद्ध ९८ असा फेटाळला. पण आदेश रद्द व्हायला दोन्ही सभागृहांचा नकार लागत होता आणि सिनेटमध्ये कार्टर दोन मतांनी तरले. मी बाबांना विचारलं, "म्हणजे अमेरिका हो म्हणाली की नाही म्हणाली?" ते म्हणाले, "अमेरिका म्हणून कुणी एक माणूस नसतो गं. चार टेबलं असतात. फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायचं."

हे वाक्य मला पुढे पंचवीस वर्षांनी उपयोगी पडलं. तोवर मी न्यू जर्सीत राहायला आले होते, २००४ मध्ये नागरिकत्वही घेतलं होतं. १८ जुलै २००५ ला बुश आणि मनमोहन सिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये संयुक्त निवेदन केलं, की अमेरिका भारताशी नागरी अणुसहकार्य करील. आमच्याकडच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते. मी उत्साहाने बाबांना फोन लावला. ते निवृत्त होऊन पुण्यात राहत होते. म्हणाले, "निवेदन म्हणजे इंडेंट. मागणी नोंदवली, एवढंच. माल गेटच्या आत आल्याशिवाय मी नोंद करत नाही."

तेही निवेदन होता होता राहिलं असतं. आदल्या रात्री मनमोहन सिंगांनी मसुद्याला नकार दिला होता. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांना अटी मान्य होण्यासारख्या वाटत नव्हत्या. सकाळी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस स्वतः येऊन पंतप्रधानांना भेटल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

आता कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही लागायचं नाही. परदेशाशी तह करायचा तर सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात, हे बहुतेकांना माहीत असतं. अणुसहकार्य मात्र त्या वाटेने जात नाही. त्यासाठी १९५४ च्या अणुऊर्जा कायद्याचं १२३ वं कलम आहे: करार अध्यक्षाने करायचा, पण तो संसदेपुढे ठेवायचा. भारत कायद्याच्या अटींतच बसत नव्हता, म्हणून आधी भारतापुरती सूट देणारा कायदा हवा, मग करार, मग त्या करारावर पुन्हा मतदान. ही दोन टप्प्यांची कल्पना प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समितीतले टॉम लँटोस यांनी पुढे आणली. कारण सरकारने पाठवलेल्या पहिल्या मसुद्यात सगळे अधिकार अध्यक्षाकडे आणि संसदेने मान डोलवायची, असा मामला होता. तो दोन्ही पक्षांच्या लोकांना खटकला. (इथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. "काँग्रेसचा विरोध मोडून काढायचाय" असं मी फोनवर म्हटल्यावर पुण्यात आमच्या काकांचा जो गोंधळ उडाला, तो वेगळाच.)

मार्च २००६ मध्ये मी पहिली हालचाल केली: आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला चांगलं तीन पानी पत्र टपालाने पाठवलं, तारापूरचा सगळा इतिहास लिहून. दोन महिने काही नाही. २००१ च्या अँथ्रॅक्सच्या प्रकारानंतर संसदेच्या टपालावर किरणांचा मारा करून मगच ते आत सोडतात, त्यात आठवडेच्या आठवडे जातात आणि कागद पिवळा, कडकडीत होतो, हे मला माहीत नव्हतं. अखेर उत्तर आलं. जाड कागद, वर सोनेरी मोहर. 'इंडियन प्रश्नांबद्दल' मला असलेल्या आस्थेबद्दल आभार मानले होते आणि पुढे दीड पान अमेरिकेतल्या आदिवासी जमातींच्या आरोग्यसेवेवर प्रतिनिधींनी केलेलं काम. मी ते पत्र फ्रिजवर लावलं.

मे महिन्यात न्यू जर्सीतल्याच एडिसनला एका सभागृहात शनिवारी प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेला माणूस पूर्वी संसदेत कर्मचारी होता. आपल्या लोकांना भाषणं करायची हौस, त्याने पहिल्या पाच मिनिटांत ती उतरवली. तीन पानी पत्र नको, एक पान. पाच मुद्दे नकोत, एक मागणी. टपाल नको, फॅक्स किंवा फोन. सुरुवात 'भारत एक प्राचीन संस्कृती' अशी नको, सुरुवात तुमच्या घराच्या पिन कोडने. आणि एक ताकीद: वकिलातीकडून काही कागद घेऊन जायचं नाही. भारत सरकारचे पगारी लॉबीवाले वेगळे आहेत, त्यांनी परक्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून सरकारदरबारी नोंद केलेली आहे. तुम्ही मतदार आहात, तुमचं वजन तेवढ्यापुरतंच आहे, ते घालवू नका. ज्यू संघटनांनी हे तंत्र कसं घोटून घोटून तयार केलंय तेही त्याने सांगितलं. समोर बसलेल्या डॉक्टरांना पिन कोडचा मुद्दा अपमानास्पद वाटला. मला तो बाबांच्या टेबलासारखा वाटला.

२७ जूनला मी रजा टाकून वॉशिंग्टन गाठलं. प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समितीत विधेयकावर कलमवार चर्चा आणि मतदान होतं, त्याला मार्कअप म्हणतात. आदल्या दोन दिवसांत तिथे असा पाऊस कोसळला होता, की सरकारी इमारतींच्या तळघरांत पाणी शिरलं होतं. रेबर्न इमारतीत २१७२ क्रमांकाच्या दालनाबाहेर रांग. रांगेत पुढे काही जण नुसते उभे होते, हातात कागद नाही, चेहऱ्यावर उत्सुकता नाही. दार उघडायच्या सुमारास सुटाबुटातले लोक आले आणि त्यांच्या जागी उभे राहिले. पैसे घेऊन रांगेत उभं राहणं हा तिथला धंदा आहे. रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून जाणाऱ्या माझ्या आईला हे कौतुकाचं वाटलं असतं.

आत मात्र मजा आली. सदस्य उठून जात होते, परत येत होते, मध्येच घंटा वाजत होती. कॅलिफोर्नियाचे हॉवर्ड बर्मन यांनी दुरुस्ती मांडली, की भारत शस्त्रांसाठीचं अणुद्रव्य बनवणं थांबवत नाही तोवर इंधन नको. ती पडली. मूळ विधेयक ३७ विरुद्ध ५ ने पुढे गेलं. पाचातलं एकही मत मूर्ख नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. आमच्या समोरच्या घरातली निवृत्त शिक्षिका याच विधेयकाविरुद्ध फोन करत होती. तिचं म्हणणं: ज्यांनी अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही करून बंधनं पाळली त्यांनी मग काय मिळवलं? मी तिला तारापूर सांगायचे, ती मला हे विचारायची, आणि दोघी आपापल्या घरी जाऊन फोन फिरवायचो.

खरी भेट ठरली १३ जुलैला. ११ तारखेला मुंबईत लोकलमध्ये स्फोट झाले. माहीम, बोरिवली, मीरा रोड ही पश्चिम रेल्वेची स्टेशनं, आमच्या बोईसरच्या वाटेवरची. दोन दिवस फोन लावण्यात गेले. जावं की नाही असं वाटत होतं. नवरा म्हणाला, भेटीची वेळ पुन्हा मिळणार नाही, जा. आम्ही चौघं मेट्रोपार्कहून पहाटेच्या गाडीने निघालो.

कार्यालय लाँगवर्थ इमारतीत. दाराबाहेर झेंडे, आत टीव्हीवर सभागृहाचं प्रक्षेपण, आवाज बंद. आम्हाला प्रतिनिधी भेटणार नव्हते, त्यांचा परराष्ट्र विषय बघणारा साहाय्यक भेटणार होता. तो आला. फार तर पंचवीस वर्षांचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. आत खोली मोकळी नव्हती म्हणून कॉरिडॉरमध्येच संगमरवरी भिंतीला टेकून बोलणं सुरू झालं. त्याच्याकडे परराष्ट्र धोरणाबरोबर माजी सैनिक, शिक्षण आणि मासेमारी असे विषय होते. मासेमारी तो गंभीरपणे म्हणाला, आमच्या राज्याला किनारा आहे.

आधी त्याने मुंबईत माझं कुणी होतं का ते विचारलं. ठरीव वाक्यासारखं नाही, खरंच विचारलं. मग पिवळ्या पॅडच्या उजव्या कोपऱ्यात माझा पिन कोड लिहून घेतला, त्याखाली रेघ मारली आणि म्हणाला, "बोला."

मी एकच मागणी सांगितली: विधेयकाच्या बाजूने मत द्या. त्याने तीन प्रश्न विचारले. पहिला इराणचा. भारत इराणशी जवळीक ठेवतो, मग आम्ही त्याला सूट का द्यावी? आमच्यातल्या एकाने व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत भारताने इराणविरुद्ध दोनदा मत दिल्याची आठवण दिली, सप्टेंबर २००५ आणि फेब्रुवारी २००६. दुसरा प्रश्न, बावीसपैकी चौदाच अणुभट्ट्या तपासणीखाली, मग उरलेल्या आठांचं काय? यावर आमच्याकडे गुळगुळीत उत्तर होतं, ते त्यालाही पाठ असावं, कारण तो लिहीत नव्हता. तिसरा प्रश्न आमच्या मतदारसंघात यातून काही नोकऱ्या येतील का हा. त्यावर मी खरं ते सांगितलं, की फारशा येणार नाहीत. तिथे त्याने मान वर करून पाहिलं.

मग मी त्याला बाबांचं रजिस्टर सांगितलं. एकोणीसशे ऐंशी, ४८ विरुद्ध ४६, येणे बाकी. हे घडलं तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याने तारापूरचं स्पेलिंग विचारलं आणि पॅडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मी म्हटलं, तुम्ही अर्ध्यात थांबवलेल्या पुरवठ्याची आठवण तिथे अजून आहे, म्हणून भारतातले लोक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला कचरतात. तो म्हणाला, "हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे येतात ते सगळे भारत केवढा मोठा होणार हे सांगतात." घड्याळावरचे दिवे लागले, घंटा झाली, मतदान सुरू झालं. त्याला आत पळायचं होतं. जाता जाता म्हणाला, "विरोधात डझनभर फोन आलेत. बाजूने चार." एकूण बारा मिनिटं.

चार! एडिसनच्या सभागृहात तीनशे माणसं टाळ्या वाजवत होती. परतीच्या गाडीत आम्ही याद्या काढल्या. दोन आठवडे मंडळाच्या व्हॉलीबॉलपासून सत्यनारायणापर्यंत जिथे जाईन तिथे मी लोकांचे पिन कोड विचारत होते. एका आजींनी तर "बाई गं, लग्नाचं बघतेस का कुणाचं?" असं विचारलं.

२६ जुलैला प्रतिनिधीगृहात मतदान झालं, ३५९ विरुद्ध ६८. तारीख ऐकून मुंबईकर मैत्रीण म्हणाली, बरोबर एक वर्षापूर्वी आम्ही गळ्याएवढ्या पाण्यात होतो. आमच्या प्रतिनिधीचं मत बाजूने पडलं. आमच्यामुळे पडलं असं मी म्हणणार नाही. इतक्या फरकाने जाणारं विधेयक आमच्या फोनांवाचून अडलं नसतं. पण समितीतल्या कर्मचाऱ्यांनी पुढे जे बारकावे घातले ते अशा पॅडांवरूनच वर जातात, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

सिनेटने निवडणुकीपर्यंत ताटकळत ठेवलं. नोव्हेंबरात सत्ताधारी पक्ष दोन्ही सभागृहं हरला आणि आमच्यातले निम्मे लोक म्हणाले, संपलं. १६ नोव्हेंबरला, जुनी संसद घरी जायच्या आत, सिनेटने ८५ विरुद्ध १२ ने मंजुरी दिली. डिसेंबरात दोन्हींचा मेळ घालून कायदा झाला, त्याला समितीचे मावळते अध्यक्ष हेन्री हाइड यांचं नाव.

१८ डिसेंबरला बुश यांनी सही केली, आणि सहीबरोबर एक निवेदन काढलं. मी ते तीनदा वाचलं. कायद्यात संसदेने अमेरिकेचं धोरण काय असावं याची कलमं घातली होती, त्यात इराणही होता. अध्यक्षांचं म्हणणं असं, की मी सही केली म्हणून ती कलमं माझं परराष्ट्र धोरण झाली असं समजू नका. परराष्ट्र व्यवहार राज्यघटनेने अध्यक्षाकडे सोपवले आहेत, तेव्हा ही कलमं मी सल्ला म्हणून घेईन. म्हणजे ज्या मजकुरासाठी आम्ही वर्षभर जिने चढलो, त्यातल्या काही भागाला सही करणाराच 'सूचना' म्हणत होता. संसद म्हणते कायदा, अध्यक्ष म्हणतात सल्ला, आणि दिल्लीत दोन्ही वाचून भांडण. बाबांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "चारही टेबलांवर शिक्के असतात," म्हणाले.

२००७ मध्ये कराराचा मसुदा ठरला आणि मग आमच्या हातात काहीच उरलं नाही. सगळा खेळ दिल्लीत गेला: डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलै २००८ ला सरकार २७५ विरुद्ध २५६ ने वाचलं. मी रात्रभर जागून ते बघितलं, नोटांची बंडलं लोकसभेत फडकताना ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्याला काय समजावून सांगावं ते कळेना.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट समजली. समितीने परराष्ट्र खात्याला कराराबद्दल पंचेचाळीस प्रश्न लेखी पाठवले होते. उत्तरं जानेवारीत आली, पण ती जाहीर करू नका अशी खात्याची विनंती, कारण भारतात सरकार अडचणीत येईल. फेब्रुवारीत लँटोस वारले, अध्यक्षपदी बर्मन आले, तेच दुरुस्तीवाले. त्यांनी २ सप्टेंबरला, व्हिएन्नात अणुपुरवठादार गटाची, म्हणजे अणुसाहित्य विकणाऱ्या देशांची, बैठक तोंडावर असताना, ती उत्तरं उघड केली. भारताने पुन्हा चाचणी केली तर पुरवठा थांबू शकतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. दिल्लीत आगडोंब. मला बर्मन यांचा राग आला आणि थोड्या वेळाने ओसरला. खातं जे दिल्लीला एका सुरात सांगत होतं ते समितीला दुसऱ्या सुरात सांगत होतं. दोन्ही सूर एकदम ऐकवले एवढंच त्यांनी केलं. ६ सप्टेंबरला पंचेचाळीस देशांच्या गटाने तरीही सूट दिली.

शेवटचा टप्पा वेड्यासारखा होता. नियमाप्रमाणे करार संसदेपुढे ठरावीक दिवस पडून राहायला हवा होता आणि अधिवेशन तर संपत आलेलं. म्हणून तो वेळ माफ करणारा आणखी एक कायदा. त्यात बँका कोसळलेल्या. मी कार्यालयाला फोन लावत होते आणि लाइन लागत नव्हती, सगळा देश सरकारी मदतीच्या विधेयकावरून ओरडत होता. एकदा लागली. मी पिवळ्या पॅडवाल्याचं नाव सांगितलं. तो सोडून गेला होता. नव्या मुलीने विचारलं, "तुमचा पिन कोड?"

२७ सप्टेंबरला, शनिवारी, प्रतिनिधीगृहात २९८ विरुद्ध ११७. १ ऑक्टोबरला रात्री सिनेटमध्ये नावं पुकारून मतदान, ८६ विरुद्ध १३. त्याच रात्री तिथे बँकांचं विधेयकही मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आमचं नाव शोधावं लागलं. १० ऑक्टोबरला राइस आणि प्रणव मुखर्जी यांनी सह्या केल्या.

मी बाबांना सगळे आकडे वाचून दाखवले. २९८ ऐकल्यावर ते थांबले. "ऐंशी साली आपल्याविरुद्ध पण दोनशे अठ्ठ्याण्णवच होते," म्हणाले. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग मी म्हटलं, बाबा, आता तरी नोंद करा.

"आला का माल?"

बाबा २०१७ मध्ये गेले. अमेरिकन कंपनीची एकही नवी अणुभट्टी तोवर भारतात उभी राहिली नव्हती, अजूनही नाही. तारापूरचं ते रजिस्टर अर्थातच सरकारी, ते तिथेच राहिलं.